घराची स्वच्छता आणि कमावते पालक : गोवंडीच्या संदर्भात एक आढावा

आई आणि वडील दोघेही कामावर जाणारे आणि मुले लहान, अशा घरात स्वच्छता कशी राखावी, या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा गृहिणीच्या टापटिपीच्या अंगाने झाली आहे. वर्तमानपत्रांच्या महिला-पुरवण्या, दिवाळीपूर्वीच्या साफसफाईवरील लेख आणि गृहविज्ञानाची पाठ्यपुस्तके यांतून मिळणाऱ्या सल्ल्यांत तीन गोष्टी न सांगता गृहीत धरलेल्या असतात : नळाला हवे तेव्हा पाणी असते, वस्तू ठेवायला जागा असते आणि दिवसातून काही तास तरी घरात कोणाचे तरी हात मोकळे असतात. मुंबईच्या गोवंडी परिसरात या तिन्ही गृहीतकांची एकाच वेळी कसोटी लागते, म्हणून या प्रश्नाचा सलग आढावा घेण्यासाठी तो परिसर विशेष उपयोगी ठरतो. प्रस्तुत लेखात घर आणि वस्तीची रचना, पाणी, वेळेची व श्रमाची विभागणी, आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक असलेली स्वच्छता, मराठी परंपरा, मुलांचा सहभाग, मोलाने करून घेतलेले घरकाम आणि सार्वजनिक सेवा अशा क्रमाने हा प्रश्न तपासला आहे.

वस्ती आणि घराची रचना

गोवंडी, देवनार, मानखुर्द, चीता कॅम्प, ट्रॉम्बे आणि अणुशक्तीनगर हा भाग महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो आणि २०११ च्या जनगणनेनुसार या विभागाची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांमध्ये सर्वांत कमी मानव विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न यांचा एकत्रित मापदंड, याच विभागाचा आढळला आणि तो ०.०५ इतका होता. त्याच परिसरात टाटा समाजविज्ञान संस्था आणि देशभरातील कुटुंबांची आरोग्यविषयक पाहणी करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था उभ्या आहेत, अणुशक्तीनगरची नियोजित वसाहत आहे आणि अलीकडच्या वर्षांत वाढलेल्या उंच इमारतींत हार्बर मार्गाने कामावर जाणारी मध्यमवर्गीय कुटुंबेही राहतात. त्यामुळे गोवंडीतील घर असे म्हटल्यावर एकच चित्र डोळ्यांसमोर आणणे चुकीचे ठरते.

तरीही येथील बहुसंख्य घरांचा आकार पुनर्वसनाच्या धोरणांनी ठरवला आहे. शहराच्या मध्यभागातून उठवलेल्या कुटुंबांना १९७० च्या दशकात शिवाजीनगर व बैंगनवाडी येथे दहा बाय पंधरा फुटांचे भूखंड देण्यात आले. १९७६ मध्ये जनता कॉलनी या वस्तीतील रहिवाशांना चीता कॅम्पात हलवण्यात आले, तर पुढील काळात रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांनी विस्थापित झालेल्यांना लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या इमारतींत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. एवढ्या जागेत स्वयंपाक, जेवण, झोप, मुलांचा अभ्यास आणि अनेक घरांत जरीकाम, शिवण किंवा भंगाराची निवड असा घरबसल्या करायचा धंदाही चालतो. एकच जागा दिवसातून चार-पाच वेळा वेगळ्या कामासाठी आवरावी लागते, अंथरुणे उचलल्याशिवाय स्वयंपाक सुरू होत नाही आणि धंद्याचा माल हलवल्याशिवाय अंथरुणे पडत नाहीत. मोठ्या घरात ज्याला पसारा म्हणतात तो एका खोलीच्या घरात बहुधा पुढच्या कामासाठी लागणाऱ्या वस्तूंचा साठा असतो, आणि तो कमी करण्याचा सल्ला माळ्यावर जागा असेल तेवढाच पाळता येतो.

इमारतीत राहायला गेल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये पुढे आणलेल्या अभ्यासात असे दिसले, की अगदी जवळजवळ बांधलेल्या पुनर्वसन इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा फारसा पोहोचत नाही आणि तेथील घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक असते. लादी कितीही वेळा पुसली तरी खिडकीतून न येणारा उजेड त्याने आत येत नाही, आणि क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या बाबतीत उजेड व हवा हेच स्वच्छतेचे साधन असते.

घरातील धूळही मोठ्या प्रमाणात बाहेरून येते. १९२७ पासून वापरात असलेली देवनारची कचराभूमी, तेथे कचरा नेणाऱ्या गाड्या, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरील अवजड वाहतूक आणि परिसरातील बांधकामे यांमुळे सकाळी केर काढलेल्या घरात दुपारपर्यंत पुन्हा थर बसतो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस कचराभूमीला मोठी आग लागली तेव्हा धूर अनेक दिवस वस्त्यांवर राहिला आणि आसपासच्या महापालिका शाळा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. अशा ठिकाणी घर अस्वच्छ असण्याचा दोष त्या घरातील बाईवर ठेवणे म्हणजे कारण सोडून परिणामाला जबाबदार धरणे होय.

पाणी : स्वच्छतेचे पहिले भांडवल

मुंबईत पाणीपुरवठा दिवसातील ठरावीक तासांपुरता असतो आणि वस्त्यांमध्ये नळजोडणी बहुधा अनेक कुटुंबांत सामायिक असते, त्यामुळे पाणी येण्याची वेळ हीच घरकामाची वेळ ठरते. जोडणीच नसलेल्या घरांना टँकरचे किंवा विकतचे पाणी घ्यावे लागते. पाणी हक्क समिती या संघटनेच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की झोपडी अनधिकृत असली तरी तेथील रहिवाशांना पाणी नाकारता येत नाही. त्यानंतर २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर केले. घरकामाच्या दृष्टीने या निर्णयांचे महत्त्व असे, की पाणी कमी पडू लागले की त्याचा वापर एका विशिष्ट क्रमाने आटतो : पिणे व स्वयंपाक टिकतात, भांडी कमी पाण्यात होतात, कपडे दोन दिवसांनी धुतले जातात आणि सर्वांत आधी बंद होते ते हात धुणे, कारण त्याचा अभाव डोळ्यांना दिसत नाही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र हात धुणे शेवटपर्यंत टिकायला हवे.

साठवणीचेही वेगळे प्रश्न आहेत. ड्रम, पिंप आणि बादल्यांत साठवलेले पाणी उघडे राहिले तर त्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करण्याचा ‘कोरडा दिवस’ सांगितला जातो. ही अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्या अवस्थेत काही महिने टिकू शकतात, त्यामुळे पाणी ओतून देणे पुरेसे नसते आणि आतली बाजू घासावी लागते. ज्या घरात पाणी एका दिवसाआड मिळते तेथे भरलेला ड्रम ओतून देण्यास कोणी तयार होत नाही. अशा वेळी घट्ट झाकण किंवा कापड बांधणे आणि पाणी संपत आले की तो घासून घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

वेळ आणि हात

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची कालोपयोग पाहणी, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कोणकोणत्या कामांत घालवतात याची नोंद, भारतात २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झाली. घरातील माणसांसाठी केलेले बिनमोल घरकाम, ज्यात स्वयंपाक, धुणी-भांडी, झाडलोट इत्यादी येते, ते करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे २०१९ मध्ये आढळले. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे झाले. येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की ही सरासरी केवळ काम करणाऱ्यांची आहे आणि २०१९ मध्ये पाहणीच्या दिवशी असे काम केलेल्या स्त्रिया सुमारे ८१ टक्के, तर पुरुष सुमारे २६ टक्के होते. मुले, आजारी व वृद्ध यांची देखभाल वेगळी मोजली जाते. २०२४ मध्ये १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया ती करत होत्या आणि त्यांचा १४० मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे होता.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये या स्थितीला ‘दुसरी पाळी’ असे नाव दिले : नोकरीची पाळी संपवून घरी आलेली स्त्री तेथे दुसरी पाळी सुरू करते. गोवंडीत कामावर जाणाऱ्या अनेक स्त्रियांना नोकरीच्या पाळीपूर्वीच आणखी एक पाळी असते, कारण पहाटे पाणी भरणे, डबा करणे आणि मुलांना शाळेसाठी तयार करणे ही कामे लोकल पकडण्याच्या आधी उरकावी लागतात. यंत्रांमुळे हा भार आपोआप कमी होतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले, की अमेरिकेत यंत्रे आल्यावर स्वच्छतेची अपेक्षा उंचावली आणि पूर्वी पुरुष, मुले किंवा नोकर करत असलेली कामेही गृहिणीकडे आली. वस्तीत त्याला आणखी एक अट जोडली जाते : सलग दाबाने पाणी नसल्यामुळे आपोआप पाणी भरणारे यंत्र निरुपयोगी ठरते आणि बादलीने पाणी ओतून चालवता येणारे अर्धस्वयंचलित यंत्रच घरात येते, म्हणजे पिळण्याचे कष्ट वाचतात, पण शेजारी उभे राहणे वाचत नाही.

आरोग्याला लागणारी स्वच्छता आणि नजरेला लागणारा नीटनेटकेपणा

वेळ कमी असताना काय आधी करावे, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. ब्रिटनमधील सॅली ब्लूमफील्ड आदी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मांडलेली ‘लक्ष्यित स्वच्छता’ ही कल्पना येथे उपयोगी पडते. तिचा आशय असा, की घरातील प्रत्येक पृष्ठभाग सदैव जंतुमुक्त ठेवणे अशक्य आणि अनावश्यक आहे. रोगजंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे ज्या जागी आणि ज्या क्षणी जातात तेथे नेमके लक्ष द्यावे. लहान मुलांच्या घरात हे क्षण ठरलेले असतात : शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी, मूल भरवताना आणि आजारी माणसाची शुश्रूषा करताना.

याचा पुरावा दक्षिण आशियातील वस्त्यांतूनच मिळालेला आहे. स्टीफन ल्यूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराचीच्या अनौपचारिक वस्त्यांत केलेल्या आणि २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, साबण व हात धुण्याचे नियमित प्रोत्साहन मिळालेल्या कुटुंबांतील पाच वर्षांखालील मुलांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याने कमी आढळले आणि पंधरा वर्षांखालील मुलांमध्ये अतिसारही निम्म्याहून कमी झाला. त्या वस्त्यांतील घरे मोठी झाली नव्हती आणि गटारेही बदलली नव्हती, हे लक्षात घेता एका साबणाच्या वडीचे मोल फरशी घासण्यात घालवलेल्या तासापेक्षा जास्त ठरते.

या निकषावर घरकामाची उतरंड लावता येते. हात, पिण्याचे पाणी, लहान मुलांच्या विष्ठेची विल्हेवाट, अन्नाची झाकपाक आणि भांडी-ओटा पुसण्याचे फडके या गोष्टी दररोज चुकवता येत नाहीत. ओले फडके दिवसभर मोरीच्या कडेला पडून राहिले तर त्यात जंतू वाढतात, म्हणून ते धुऊन वाळवणे हे त्याने ओटा किती वेळा पुसला यापेक्षा महत्त्वाचे आहे. जेथे ऊन येत नाही तेथे दोन फडकी आलटूनपालटून वापरावी लागतात. खरकटे रात्रभर उघडे राहिल्यास झुरळे आणि उंदीर वाढतात, म्हणून भांडी सकाळी घासायची असली तरी खरकटे रात्रीच झाकणाच्या डब्यात जावे. दुसऱ्या पायरीवर रांगत्या मुलाची जमीन येते. कोरड्या झाडूने धूळ उडते आणि पुन्हा बसते, त्यामुळे केर काढल्यावर ओल्या फडक्याने पुसणे आणि मूल जेथे खेळते तेवढा तुकडा आधी पुसणे हे कमी वेळेत अधिक फळ देते. कपड्यांच्या घड्या, भांड्यांची झळाळी, माळ्यावरची मांडणी या गोष्टी शेवटच्या पायरीवर राहतात. त्यांनी घर प्रसन्न दिसते, पण त्या आठवडाभर राहून गेल्या तर मूल आजारी पडत नाही.

स्वच्छतेच्या अतिरेकातूनही धोका होतो. फिनाईल किंवा ॲसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून खाली ठेवण्याची सवय लहान मुलांच्या घरात जिवावर बेतू शकते, आणि मोरी चकचकीत व्हावी म्हणून ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र वापरल्यास क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. हवा खेळत नसलेल्या छोट्या न्हाणीत त्याचा परिणाम लगेच जाणवतो.

दुसरीकडे, घरातील स्वच्छतेने सर्व रोग थांबत नाहीत. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराचा उद्रेक झाला तेव्हा बालमृत्यू ओढवले; गोवर हवेतून पसरतो आणि त्यावर केरवारा हा उपाय नसून लसीकरण आणि पोषण हे उपाय आहेत.

मराठी परंपरेतील दोन धागे

महाराष्ट्रात स्वच्छतेच्या प्रबोधनाला मोठी परंपरा आहे. संत गाडगेबाबांनी गावात शिरताच हाती खराटा घेऊन आधी रस्ते झाडले आणि मग कीर्तन केले, म्हणजे स्वच्छतेला सार्वजनिक काम मानले आणि ते पुरुषाच्या हातात दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत स्वच्छ राहण्याचा आणि मुलांना शिकवण्याचा आग्रह धरला. तेथे स्वच्छता हे स्वाभिमानाचे साधन होते. गोवंडीत आंबेडकरी विचाराची अनेक कुटुंबे असल्याने हा धागा आजही जिवंत आहे. मात्र स्वाभिमानासाठी सांगितलेली स्वच्छता पुढे गरिबांची लायकी मोजण्याचे माप बनली आणि गाडगेबाबांच्या हातातला खराटा पुरुषांनी घरात मात्र उचलला नाही, ही या परंपरेची अपुरी राहिलेली बाजू होय.

मुलांचा सहभाग

मुले स्वच्छतेतील अडथळा आहेत, ही धारणा बालशिक्षणाच्या मराठी परंपरेने फार पूर्वी नाकारली. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले, पुढे १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. माँटेसरी पद्धतीतील जीवनव्यवहाराची कामे, म्हणजे झाडणे, पुसणे, पाणी ओतणे, वस्तू जागेवर ठेवणे, यांना त्यांनी शिक्षणाचे माध्यम मानले आणि महागड्या साधनांऐवजी घरातल्या व परिसरातल्या वस्तू वापरल्या. तीन वर्षांच्या मुलाला स्वतःची चप्पल कोपऱ्यात ठेवता येते, पाच वर्षांच्या मुलाला आपले ताट मोरीपर्यंत नेता येते आणि हाताला येईल एवढा झाडू दिला तर झाडण्यात त्याला रसही वाटतो. त्यासाठी वस्तूची जागा मुलाच्या उंचीवर असावी लागते आणि काम सावकाश झाले तरी चालेल एवढी मोठ्यांची तयारी लागते. सकाळच्या घाईत ती नसते, म्हणून अशी कामे संध्याकाळकडे ठेवणे हिताचे असते.

येथे एक सीमारेषा पाळणे आवश्यक आहे. वस्तीतील अनेक घरांत आई कामावर गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे आणि भांडी घासणे ही कामे थोरल्या मुलीकडे जातात, तर त्याच वयाचा मुलगा त्यांतून सुटतो. स्वतःचे ताट उचलणे हे वळण आहे, पण आईची पाळी उचलण्यासाठी शाळा बुडवणे हे शोषण आहे, आणि घरकामाचे वळण मुलग्यालाही तेवढेच लावले तरच त्याला शिक्षण म्हणता येते.

मोलाचे घरकाम

मध्यमवर्गीय कुटुंबांनी वेळेचा प्रश्न मोलकरीण ठेवून सोडवला आहे आणि चेंबूर, घाटकोपर, देवनार येथील घरांत धुणी-भांडी व लादी-पोछा करणाऱ्या अनेक स्त्रिया गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांतून येतात. म्हणजे एका कमावत्या आईचे घर स्वच्छ राहते ते दुसऱ्या कमावत्या आईच्या वेळेवर, आणि दुसरीचे घर तिच्या मुलीच्या वेळेवर. या व्यवसायातील स्त्रियांनी पुण्यात १९८० मध्ये संप केला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये झाला, पण भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि ठरलेले तास मिळाल्याशिवाय या स्त्रियांना स्वतःच्या घरासाठी वेळ उरणार नाही, हे मालक कुटुंबांनीही ओळखायला हवे.

सार्वजनिक सेवांचा वाटा

घरातील श्रम कमी करणाऱ्या सेवा घराबाहेर असतात. एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली १९७५ पासून चालणारी अंगणवाडी पोषण व पूर्वप्राथमिक शिक्षण देते, पण ती काही तासच चालत असल्याने पूर्ण दिवस कामावर जाणाऱ्या आईला पाळणाघराची जागा भरून देत नाही. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले. घरकामगार, फेरीवाल्या आणि घरबसल्या तुकड्यांवर काम करणाऱ्या स्त्रिया मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. सार्वजनिक शौचालय लांब, सशुल्क किंवा रात्री बंद असेल तर लहान मुलाला गटारावर बसवले जाते आणि मग दाराशी आलेली घाण पायांनी घरात येते. ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातले, पण ज्या गल्लीत कचऱ्याची गाडी शिरत नाही तेथे दोन डब्यांची शिस्त रोजच्या संकलनाशिवाय टिकत नाही. शौचालय, स्नानगृह, पिण्याचे पाणी आणि कपडे धुण्याची यंत्रे एकाच ठिकाणी देणारे केंद्र २०१६ मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात सुरू झाले. धुण्यासारखे जड काम घराबाहेर आणि सामायिक झाले, तर छोट्या घराची जागा आणि बाईचा वेळ दोन्ही वाचतात, हे या प्रकारच्या सोयीचे महत्त्व आहे.

निष्कर्ष

या आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की वेळ अपुरा असलेल्या घराने हात, पाणी, विष्ठा, अन्न आणि फडके यांना अग्रक्रम देऊन बाकीची टापटीप निर्धास्तपणे मागे ठेवावी. दुसरी अशी, की घरकामाच्या युक्त्या शोधण्यापेक्षा घरातील पुरुषाने पाणी भरणे, केरवारा आणि मुलांचे करणे यांतील ठरावीक कामे रोज, न सांगता, आपली म्हणून अंगावर घेणे हा वेळेच्या प्रश्नावरील सर्वांत मोठा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. तिसरी अशी, की नळाला पुरेसे पाणी, रोज उचललेला कचरा, चालू स्थितीतील शौचालय आणि पूर्ण दिवसाचे पाळणाघर यांशिवाय गोवंडीतील घराकडून पुस्तकी स्वच्छतेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. घर स्वच्छ ठेवण्याचा उपदेश आईला करण्यापूर्वी महापालिकेने, मालकाने आणि घरातल्या पुरुषाने आपापला वाटा उचलला आहे काय, हे आधी विचारले गेले पाहिजे.